नणंदेचा की नणंदांचा?



सासूबाई गेल्यावर त्यांच्या दागिन्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.कॉम., शिवाय आकुर्डीच्या आमच्या घराचा जमाखर्च पहिल्यापासून माझ्याच वहीत. चार पाटल्या दोन्ही लेकींना द्या, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. धाकट्या वन्संची सून परदेशात वाढलेली, मराठी वाचता येत नाही. म्हणून यादी इंग्रजीत केली. पाटल्यांपुढे लिहिलं, 'सिस्टर-इन-लॉज शेअर'. 'लॉ' आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी दिला आणि पाठवून दिली.

आठ दिवस वन्संचा फोन नाही. शेवटी मीच केला.

"वहिनी, पाटल्या आक्कालाच द्यायच्या होत्या, तर तोंडानं सांगायचं!"

सुनेनं बरोबरच वाचलं होतं. चूक माझी होती. वाटा एकाच नणंदेचा झाला होता.

आपल्याकडे नणंदेचा आणि नणंदांचा हा फरक कानालाच कळतो. इंग्रजीत बहिणी, बहिणीचं आणि बहिणींचं, तिन्हींचा उच्चार 'सिस्टर्स'. फरक कागदावर. एकीचं असेल तर अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, अनेकींचं असेल तर एसच्या नंतर, आणि नुसतं अनेकवचन असेल तर अपॉस्ट्रॉफी नाहीच. 'इन-लॉ' नात्यांत अनेकवचनाचा एस 'सिस्टर'ला लागतो आणि मालकीचा शेवटी 'लॉ'ला. म्हणजे मी 'सिस्टर्स-इन-लॉज' लिहायला हवं होतं. 'चिल्ड्रन' मुळातच अनेकवचनी, म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच येतो.

त्यातून 'सिस्टर-इन-लॉ' म्हणजे नणंदही आणि जाऊही! म्हणून वाटणीच्या कागदावर नात्यापुढे नाव लिहावंच. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मालमत्तेत मुली मुलांच्या बरोबरीनं वारस असतात. अशा कागदावर मोघम लिहून चालत नाही.

अचौर्य म्हणजे दुसऱ्याचं न दिलेलं घेऊ नये, एवढंच मी समजत होते. पण नकळत मी एकीच्या खात्यातलं दुसरीच्या खात्यात टाकलं होतं, आणि तेही एवढ्याशा खुणेनं.

यादी पुन्हा लिहिली. दोघींची नावं, प्रत्येकीपुढे दोन पाटल्या. क्षमावाणीची वाट न बघता त्याच दिवशी वन्संना फोन करून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मीही आठ दिवस मनात धरलं, वहिनी. मलाही क्षमा करा."

पाटल्या आता दोघींच्या हातात आहेत.