अर्धं दार

घराला अर्धं दार असावं, या कल्पनेच्या मी अनेक वर्षं विरोधात होतो. खालचा भाग बंद, वरचा उघडा, असलं दार रेशनच्या दुकानाला, बालवाडीला नाही तर गोठ्याला शोभतं. राहत्या घराचं दार उघडं तरी असावं नाही तर बंद. आई म्हणायची, "वरचं उघडं ठेवलं की गल्लीतलं कोण आलं-गेलं कळतं, आणि कोंबड्या घरात शिरत नाहीत." मी त्यावर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर बसवून दिलं. हवाही येते, कोंबडीही अडते. झालं की! आईचं म्हणणं, जाळीतून माणूस तुकड्या-तुकड्यांत दिसतो. मी ते हसण्यावारी नेलं.

मत बदललं ते आईच्या युक्तिवादाने नाही, दाराच्या वजनाने. आमचं पुढचं दार सागवानी, सात फूट बाय तीन फूट. वसईजवळच्या आमच्या भुईगावात समुद्र जवळ, पावसाळ्यात हवा ओलसर, लाकूड फुगतं. फुगतं ते आतल्या रेषांना आडवं, रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. दाराच्या उभ्या पट्ट्यांत रेषाही उभ्या, म्हणून दार चौकटीत अडकतं ते बाजूने. रंधा मारायचा तर दार उतरवायला हवं, आणि असं दार चाळीस किलोंच्या पुढे भरतं. एकट्याने उचलून बिजागऱ्यांत परत बसवणं म्हणजे पाठीशी वैर. त्याचे दोन भाग केले, तर प्रत्येक भाग एका माणसाच्या आवाक्यात येतो. हे सुचलं तेव्हा अर्ध्या दाराकडे पहिल्यांदा दार म्हणून पाहिलं.

मग कामाला लागलो. फ्लश डोअर असतं तर हात लावला नसता. कापलं की आतल्या पट्ट्यांचे तुकडे उघडे पडतात आणि तिथे नवी पट्टी ठोकत बसावं लागतं. आमच्या दाराची मधली आडवी पट्टी आठ इंच रुंद, त्यामुळे बरोबर तिच्या मध्यावर करवत चालवली तरी दोन्हीकडे चार-चार इंच उरले. करवतीने खाल्लेली तीनेक मिलिमीटरची फट मी तशीच ठेवली. पावसाळ्यात या आडव्या पट्ट्या उभ्या दिशेने फुगतात, त्यांना तेवढी जागा लागतेच. तीनऐवजी चार बिजागऱ्या, प्रत्येक भागाला दोन. चारही बिजागऱ्यांच्या खिळ्या ओळंब्यात एका रेषेत हव्यात, नाही तर वरचा भाग एकीकडे झुकतो, खालचा दुसरीकडे, आणि मधली फट तिरकी दिसते. खालचा भाग आधी टांगायचा, मग पातळ पाचरी ठेवून वरचा. स्क्रू आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकरच तांबडं होतं.

खरी गंमत पाण्याची. सांध्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे पाऊस ओघळून जाईल, असं कुणालाही वाटेल. पण आमचं दार आत उघडतं. तसा उतार दिला तर वरचा भाग आत येताना खालच्या भागाच्या उंच कडेला अडकतो. तो जमतो फक्त बाहेर उघडणाऱ्या दाराला. मग मी सांधा सपाट ठेवला आणि वरच्या भागाच्या आतल्या अंगाला एक पट्टी लावली, जी फटीवरून खाली येते. वरचा भाग मोकळा उघडतो; तो बंद असेल तर खालचा बाहेरून ढकलूनही उघडत नाही. चोराला अडवायला ही पट्टी कडीइतकीच कामाची. तरी फटीत पाणी साचू शकतंच. आमच्याकडे साचत नाही, कारण पुढे खोल पडवी आहे. आजोबांनी ती का बांधली असेल, हे मला सांधा कापल्यावर कळलं.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 1645 सालचं एक डच चित्र आहे, अर्ध्या दारावर हात टेकून उभी असलेली मुलगी. रेम्ब्रांट आणि त्याच्या कार्यशाळेचं नाव त्याला जोडलं जातं. मला ते चित्र आवडायचं, पण तसं दार घराला हवं असं कधी वाटलं नव्हतं. आता आई त्याच तऱ्हेने, कोपर टेकून उभी असते आणि मासळीवालीशी घासाघीस करते. जाळीमागून ती इतकी चांगली घासाघीस करत नव्हती, हे मी मान्य करतो.

सेफ्टी डोअर काढलेलं नाही. रात्री तेही लावतो. आईला त्याची तक्रार नाही, कारण रात्री गल्लीत बघण्यासारखं काही नसतं.

मागचं, समुद्राच्या बाजूचं दार मात्र अखंडच आहे आणि मी ते कापणार नाही. तिथे पडवी नाही, नैऋत्येचा पाऊस थेट भिंतीवर आपटतो. ते बाहेर उघडायचं करून सांध्याला उतार देता येईल, पण मग चौकटच बदलावी लागेल, आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात वारा काय करतो ते पाहिल्यावर बाहेर उघडणारं दार त्याच्या तोंडी द्यायला मन धजत नाही. आई म्हणते, "आधी छप्पर घाल, मग बोल." पत्रे किती लागतील ते मोजायला घेतलंय.