जहाजावरील खोलीचा हिशेब

व्यापारी कुटुंबात मोठ्या खर्चाचा निर्णय बहुधा एका बैठकीत होतो. अडते ते वाढीव खर्चापाशी. मूळ खर्चामागची गरज किंवा हौस सर्वांना दिसत असते. वाढीव खर्चामागे मात्र थोडी सोय, थोडी प्रतिष्ठा आणि थोडा 'एकदाच तर जायचे आहे' असा विचार एकत्र मिसळलेला असतो, आणि त्यात कशाचा भाग किती हे ठरविणे कठीण जाते. समुद्रपर्यटनाची जहाजे मुंबईहून नियमित सुटू लागल्यापासून हा पेच अनेक घरांत शिरला आहे. तिकीट काढून होते, आणि मग विचारणा येते : आणखी थोडे पैसे दिले तर वरच्या दर्जाची खोली मिळेल, घेता का?

सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या घरी ही विचारणा आली, तेव्हा निमित्त होते आई-वडिलांच्या विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे. वडील, म्हणजे घरातले अण्णा, सत्त्याहत्तर वर्षांचे, आई बहात्तरची. थोरला मुलगा, त्याची पत्नी आणि दोन मुले. धाकटा मुलगा, त्याची पत्नी आणि एक मुलगी. अशी नऊ माणसे, तीन खोल्या आणि मुंबई, गोवा, लक्षद्वीप व परत मुंबई असा ५ रात्रींचा प्रवास. तिन्ही खोल्या आतल्या बाजूच्या, म्हणजे खिडकी नसलेल्या, घेतल्या होत्या.

जहाजावरील खोल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार असतात. आतली खोली, जिथे दिवा मालवला की भर दुपारीही मध्यरात्र होते, खिडकीची खोली, जिच्या बंद काचेतून समुद्र दिसतो, पण काही ठिकाणी बाहेर टांगलेली जीवरक्षक होडी आड येते, बाल्कनीची खोली, आणि बैठकीची वेगळी जागा असलेला स्वीट. भोजन, करमणूक, पोहण्याचा तलाव, बंदरावर उतरणे या गोष्टी बहुतांशी सर्वांना सारख्याच. स्वीटवाल्यांना रांगेत अग्रक्रम मिळतो, क्वचित वेगळे भोजनगृह मिळते. पण त्यांचे जहाज इतरांच्या आधी गोव्याला पोहोचत नाही.

थोरल्याची इच्छा होती की आई-वडिलांची आणि स्वतःची खोली बाल्कनीची करावी. धाकट्याने आपल्याला आतलीच पुरे असे सांगितले. हे साधे वाटणारे वाक्य घरात जड झाले. धाकट्याने स्वतंत्रपणे काढलेला टॉवेलचा कारखाना आदल्या वर्षी बंद करावा लागला होता आणि तो पुन्हा थोरल्या भावाच्या पेढीवर बसू लागला होता. थोरला म्हणाला, "तुझ्या खोलीचा फरकही मीच भरतो." त्याच्या मनात केवळ माया होती. धाकट्या सूनबाई मात्र सासूबाईंजवळ एवढेच बोलल्या, "आई, दादांचे मन मोठे आहे. पण पाच दिवस त्या बाल्कनीत बसताना ती कोणाच्या पैशांची आहे, हेच माझ्या मनात येत राहील."

अण्णांच्या कानावर हे आले, तेव्हा त्यांनी प्रथम जहाजाचा धंदा समजून घेतला. सोलापूरच्या जैन घरात जहाज हा विषय अगदीच परका नसतो. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, ही कथा अण्णांनी लहानपणापासून ऐकलेली. तिच्यातून त्यांनी एक गोष्ट उचलली होती : जहाजवाला जागा विकतो. मालवाहू जहाजात भाडे वजनावर किंवा आकारमानावर, ज्यात अधिक पैसे होतील त्यावर आकारतात. टॉवेलसारखा फुगीर माल परदेशी पाठविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

आणि ही जागा नाशवंत असते. भाजी संध्याकाळी स्वस्तात तरी जाते. जहाजाने नांगर उचलला की रिकाम्या खोलीची किंमत शून्य. म्हणूनच सुटण्याची तारीख जवळ आली की वरच्या दर्जाच्या खोल्यांचे देकार येऊ लागतात. अनेक जहाज कंपन्या तर प्रवाशांकडून बोली मागवितात : वरच्या खोलीसाठी तुम्ही किती जास्त द्याल ते कळवा, जमले तर देऊ. थोरल्याने आपला आकडा मनाशी ठरवूनही ठेवला होता.

अण्णांनी विचारले, "बोली लागली तर खोली कुठली मिळेल?"

"ते कंपनी ठरवते."

"नको असेल तर परत करता येते?"

"बहुधा नाही, अण्णा. बोली मान्य झाली की पैसे वळते होतात."

"म्हणजे नमुना न पाहता माल घ्यायचा, आणि तो परतही करायचा नाही. दुकानात असा सौदा तू केला असतास का?"

यात तथ्य होते. बोलीच्या आकड्यात आणखी एक खाच असते. तो बहुधा माणशी असतो आणि खोलीतील पहिल्या दोघांसाठी मोजला जातो, म्हणजे मनात धरलेली रक्कम प्रत्यक्षात दुप्पट होते. शिवाय जवळजवळ घेतलेल्या खोल्यांपैकी एक अचानक तीन मजले वर जाऊ शकते. रात्री आईला बरे वाटेनासे झाले तर मुलाने कुठे धावायचे, हे त्या स्वस्त बोलीत धरलेले नसते.

यानंतर अण्णांनी एका खोलीचा हिशेब कागदावर मांडला. नेमका क्रमांक निवडून बाल्कनीची खोली घेतल्यास दोघांचा मिळून फरक ४० हजार रुपये होता. ५ रात्री, म्हणजे रात्रीला ८ हजार. पण झोपेत बाल्कनीचा उपयोग नाही. थोरल्याच्या कुटुंबाला त्यांनी विचारले की दिवसातून किती वेळ खोलीत जागे असाल? मुले तलावावर, सून कार्यक्रमांना, थोरला गच्चीवर. सारे मिळून तासभर. म्हणजे ५ दिवसांत ५ तास, तासाला ८ हजार रुपये. आईचा आकडा निराळा निघाला. तिचे गुडघे दुखरे. गर्दीच्या गच्चीवर दोन वेळा चढणे-उतरणे तिला झेपणारे नव्हते. पहाटेचे सामायिक, म्हणजे ४८ मिनिटांचे निवांत बसणे, तिला खोलीतच करायचे होते. लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. तो दिवस ती जहाजावरच काढणार हे उघड होते. तिचे खोलीतले जागेपणीचे तास दिवसाला आठ, एकूण ४०. तासाला १ हजार रुपये. एकाच वस्तूची किंमत दोन माणसांसाठी आठपट वेगळी निघाली.

भोजनाचाही प्रश्न याच हिशेबात आला. जहाजावर जैन भोजन मिळते का, हे सगळेच विचारतात. ते किती वाजता मिळते, हे थोडेच विचारतात. डिसेंबरात मुंबईच्या बाजूला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जहाजावरील रात्रीचे भोजन सहसा त्यानंतर सुरू होते. सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल अशी लेखी खात्री थोरल्या सूनबाईंनी करून घेतली. भोजनगृह दूर असल्याने आईचे ताट खोलीत आणावे लागणार होते, आणि खिडकी नसलेल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून जेवणे तिला आवडणारे नव्हते.

मग जागा कुठली, हा शेवटचा प्रश्न. येथे महाग तेच उत्तम हा नियम चालत नाही. जहाज हिंदकळते तेव्हा ते मध्याभोवती झुलते. त्यामुळे टोकाच्या आणि उंचावरच्या खोल्या अधिक हलतात, खालच्या मजल्यावरच्या आणि मधल्या सर्वांत कमी. लाटांनी जहाज दोन्ही बाजूंना कलते ते कमी करण्यासाठी बुडाजवळ पंख्यांसारखी यंत्रे असतात, पण पुढे-मागे होणारी उसळ त्यांना फारशी थांबवता येत नाही. नाचगाण्याच्या दालनाखाली किंवा तलावाखाली खोली घेतली तर रात्री पावलांचा आवाज येतो. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा शांत. उद्वाहनाजवळची खोली गुडघेदुखीच्या माणसाला सोयीची, मात्र अगदी दाराशी नको. बाजूही पाहावी लागते. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना जहाजाच्या डावीकडे कोकणचा किनारा आणि उजवीकडे खुला समुद्र, म्हणजे मावळता सूर्य. परतताना तीच उजवी बाजू पूर्वेला येते आणि पहाटेचा उजेड आत येतो. अण्णांनी उजव्या बाजूची, मधली, उद्वाहनापासून चार दारे दूर असलेली खोली निवडली.

निर्णय त्यांनी दोघा मुलांना समोर बसवून सांगितला. "बाल्कनीची खोली एकच घ्यायची, आणि ती तुमच्या आईसाठी. पैसे घरखात्यातून जातील. त्या खात्यात तुम्हां दोघांचा वाटा सारखा आहे. तुम्हां दोघांच्या खोल्या मात्र एकाच मजल्यावर, एकसारख्या. मोठ्याने धाकट्याला वर ओढायचे नाही आणि त्याला खाली ठेवून स्वतः वर जायचे नाही."

थोरला थोडा हिरमुसला. त्याची ऐपत होती आणि त्याने ती कष्टाने मिळविली होती. तिचा उपभोग घेण्यात गैर काही नव्हते. हे अण्णांनाही मान्य होते. "पुढच्या वर्षी तुम्ही चौघेच जा," ते म्हणाले, "आणि हवा तर स्वीट घ्या. माझी हरकत नाही. या वेळी आपण नऊजण आहोत."

प्रवासात या हिशेबाचे काही भाग खरे ठरले, काही चुकले. आईला बाल्कनी पहिल्या दिवशी फारशी मानवली नाही. जहाज वेगात असताना वारा जोराचा, दुपारचे ऊन कडक, आणि दार उघडे ठेवावे तर खोली दमट होई. तिच्या चाळीस तासांपैकी जेमतेम निम्मे बाहेर गेले. बाकीचे ती काचेच्या आतूनच समुद्र पाहत बसली. तरी सूर्य खाली येऊ लागला की वारा असो नसो, ती पदर खोचून बाल्कनीत जाई आणि तिथल्या लहानशा टेबलावर ताट ठेवून मावळतीकडे पाहत जेवी.

खरी फजिती झाली अण्णांची. मध्यभागी असली तरी खोली वरच्या मजल्यावर होती, आणि गोवा सोडल्यावर रात्री समुद्र जरा खवळला. त्यांना डोळा लागेना. सकाळी ते धाकट्याच्या खोलीत गेले. ती खालच्या मजल्यावरची, मधली, बिनखिडकीची. दिवा मालवताच गडद अंधार झाला आणि ते तीन तास गाढ झोपले. त्यानंतर रोज दुपारी त्यांची वामकुक्षी तिथेच होऊ लागली. जहाजावरील सर्वांत स्वस्त दर्जाची खोली झोपेसाठी सर्वांत उत्तम निघाली. धाकट्याने हसून विचारले, "अण्णा, खोली बदलून घेऊ या का?" त्यावर त्यांनी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढले.

अण्णा खाली झोपलेले असत त्या वेळी धाकट्या सूनबाई वर सासूबाईंपाशी असत. लक्षद्वीपला बाकीची मंडळी बोटीने किनाऱ्यावर गेली, त्या दिवशी सूनबाईही आईंसोबत जहाजावरच राहिल्या. कारखाना बंद झाल्यापासून त्यांच्या मनात साठलेले पुष्कळ होते; घरात सदैव माणसे असल्याने ते बोलायला एकांत नव्हता. त्या दिवशी उथळ पाण्याचा हिरवा रंग पाहत दोघी दुपारपर्यंत बसून होत्या. काय बोलणे झाले ते दोघींनी कोणाला सांगितले नाही. परतल्यावर मात्र सूनबाईंनी सासऱ्यांकडे विषय काढला की कारखान्याची यंत्रे विकण्यापेक्षा भाड्याने द्यावीत, आणि त्या व्यवहाराचा हिशेब आपण स्वतः पाहू. ही गोष्ट त्या वर्षभर मनात धरून होत्या.

४० हजार रुपयांच्या हिशेबात अण्णांनी ही बाब धरली नव्हती, आणि ती धरताही आली नसती. त्यांनी इतकेच पाहिले होते की खोली तिच्यात बसणाऱ्या माणसासाठी घ्यावी आणि तिच्या दारात इतरांना शिरताना संकोच वाटू नये. थोरल्याने आपल्या ऐपतीने दुसरी बाल्कनी घेतली असती, तर धाकट्या सूनबाई कदाचित आईंच्या खोलीतही मोकळेपणाने बसल्या नसत्या.

काही महिन्यांनी ओळखीतल्या एका कापडव्यापाऱ्याने थोरल्याला दूरध्वनी केला. ते सहकुटुंब याच सफरीला निघाले होते आणि वरच्या खोलीचा देकार त्यांनाही आला होता. "पैसे वसूल होतात का?" असे त्यांनी विचारले. थोरल्याला दर ठाऊक होता, मजला ठाऊक होता, वारा आणि ऊनही ठाऊक होते. ते सांगण्यापूर्वी त्याने विचारले, "बरोबर कोण कोण आहे?"