मेलेला गडी

खेळाचे गुण गातांना आपण सुशिक्षित माणसें शरीराचें आरोग्य, शिस्त आणि संघभावना या तीन देवतांना नेहमीं प्रथम वंदन करतों. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत अनादर नाहीं. परंतु इतकीं वर्षें महाविद्यालयांत शिकविल्यावर मला वाटूं लागलें आहे, कीं मैदान मुलांना जी सर्वांत मोठी विद्या देतें ती निराळीच आहे. तें त्यांना मरावयास शिकवितें.

वाचकांनीं दचकूं नये. मी आपल्या हुतूतूविषयीं बोलत आहें. लहानपणीं गल्लींतल्या धुळींत रेघ ओढून आम्ही तो खेळत असूं. दम तुटला कीं गडी ‘मेला’. त्या शब्दाचें कोणालाच वाईट वाटत नसे. मेलेला गडी अंग झाडून रेषेबाहेर बसे आणि जिवंत गड्यांपेक्षांहि मोठ्यानें ओरडे. त्या ओरडण्यांत निःस्वार्थ बुद्धि होती असें मी म्हणणार नाहीं. आपला पुढचा जन्म उरलेल्या गड्यांच्या हातीं आहे, हें तो पुरतें ओळखून असे.

या खेळाच्या पूर्वीं तीन तऱ्हा होत्या. ‘गामिनी’त मेलेला गडी सबंध बाजू मरेपर्यंत बाहेरच बसून राही. ‘अमर’ या प्रकारांत कोणी बाहेर जातच नसे. मेला तरी मैदानांतच राही आणि प्रतिपक्षाच्या नांवावर गुण मांडला जाई. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला एक उठे. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें हा खेळ करून दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळालें. आज सात-सात गड्यांची जी कबड्डी देशोदेशीं चालते, तिनें या तिहींतून संजीवनीच पत्करली आहे.

मला ही निवड मोठी शहाणपणाची वाटते. गामिनींत अपयश म्हणजे जवळजवळ शेवट. अमर खेळांत अपयशाची झळच लागत नाहीं. संजीवनींत मात्र मरणाची किंमत द्यावी लागते, कांहीं काळ बाहेर बसावें लागतें, आणि उठणें दुसऱ्याच्या दमावर अवलंबून असतें. महाभारतांत शुक्राचार्यांनीं कचाला उठविलें आणि पुढें कचानेंच शुक्राचार्यांना उठविलें. मैदानावरहि हाच व्यवहार. आज ज्यानें मला उठविलें, घटकाभरानें त्याच्यासाठीं चढाई करण्याची पाळी माझी.

आमच्या शिकलेल्या घरांतून मात्र विचित्र प्रकार चालतो. एरवीं आपण मुलांना ‘अमर’ खेळवितों आणि परीक्षा आली कीं एकदम ‘गामिनी’. पंधरा-सोळा वर्षें त्यांना एकहि पराभव शिवूं नये म्हणून आईबाप रेषेवर पहारा करतात, आणि मग एका निकालावर सारा जन्म पणाला लावतात. माझ्या वर्गांत अधूनमधून असा एखादा बुद्धिमान विद्यार्थी येतो, कीं पहिल्याच अपयशानंतर तो वर्गांत फिरकत नाहीं, मित्रांचे फोन घेत नाहीं. भेटलाच तर म्हणतो, ‘सर, आतां संपलें सगळें.’ वय वर्षें अठरा! त्याला गणित येतें, इंग्रजी येतें. बाजूला बसून आपल्या पाळीची वाट पाहणें तेवढें कोणीं शिकविलेलें नसतें. आपल्याला उठविणारे गडी अजून मैदानांत आहेत, हें त्याला दिसतच नाहीं.

परवां शेजारचे एक गृहस्थ सल्ला विचारावयास आले. ‘प्रोफेसरसाहेब, यंदा चिरंजीवांचें दहावीचें वर्ष. संध्याकाळचें मैदान बंद करावें म्हणतों.’ मीं म्हटलें, ‘वेळ कमी करा, बंद करूं नका.’ खेळणारीं सगळींच मुलें धीराचीं निघतात, असें आश्वासन मला देतां आलें नाहीं. मेल्यावर पंचांशीं भांडणारे आणि रुसून घरीं जाणारे गडी मीं पुष्कळ पाहिले आहेत. पण जो मुलगा एका संध्याकाळीं चारदां मरतो आणि चारदां उठून घरीं जेवावयास येतो, त्याला निकालाच्या कागदापुढें ही विद्या नव्यानें शिकावी लागत नाहीं.

त्यांना पटलें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. मात्र काल दिवेलागणीला त्यांचे चिरंजीव मातीनें माखलेल्या गुडघ्यांनीं जिना चढतांना दिसले.