घरची मोटार घेऊन फ्रान्सला

आज गावोगावी असे एखादे तरी घर सापडते, की ज्या घरचा मुलगा किंवा लेक-जावई परदेशात नोकरीला आहेत. सुगी आटोपली की आईबापांनी महिना-दोन महिने येऊन राहावे असा त्यांचा आग्रह असतो. तुमची मुले इंग्लंडात असतील, तर एक गोष्ट तुमच्या कानावर घालाविशी वाटते. तिथून फ्रान्स देश हाकेच्या अंतरावर आहे. मध्ये समुद्राची जी पट्टी आहे, ती सर्वांत अरुंद जागी अवघी तेहतीस किलोमीटरची. आणि मुलांची घरची मोटार घेऊनच पलीकडे जाता येते.

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही तीन दिवसांसाठी असे जाऊन आलो. माझी भाची आणि जावईबापू इंग्लंडच्या केंट परगण्यात राहतात. तिचे आईवडील, म्हणजे माझी अक्का आणि दाजी, तिच्याकडे निघाले होते. दाजी सातारा जिल्ह्यातले ऊस बागायतदार. इंग्रजीचा सराव नाही म्हणून त्यांनी सोबतीला मला घेतले. पण फ्रान्सला जायचा हट्ट त्यांचाच होता. त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले आणि "फ्रान्सात राहिले", एवढेच त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कुठे राहिले, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

आधी कागदपत्रांचे बोलू, कारण सगळे अडते ते तिथेच. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. इंग्लंड २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले, पण त्याच्या आधीही आपल्या भारतीय पासपोर्टाला दोन्हीकडचे दोन वेगळे व्हिसे लागतच असत. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. तो इथूनच, निघण्यापूर्वी काढून न्यावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तीस हजार युरोंपर्यंत दवाखान्याचा खर्च देणारा विमाही त्याला जोडावा लागतो. लेकीच्या घरी पोचल्यावर बघू, असे म्हणाल तर बहुधा पलीकडचा किनारा लांबूनच पाहून परत याल.

मोटारीचे आर.सी. बुक मूळ प्रतीत बरोबर हवे. गाडी हप्त्यांवर किंवा भाड्याची असेल, तर मालक कंपनीचे परवानगीपत्र घ्यावे. विमा कंपनीला आधी विचारावे. परदेशात गाडीचा विमा चालतो खरा, पण पुष्कळदा तो समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो आणि आपल्या गाडीचे नुकसान त्यात धरलेले नसते. गाडीच्या मागे 'यूके' अशी दोन अक्षरे लावावी लागतात. पूर्वी 'जीबी' असत, ती २०२१ च्या सप्टेंबरात बदलली. धोक्याचा लाल त्रिकोण आणि चमकणारे जाकीट फ्रान्समध्ये सक्तीचे आहे. जाकीट डिकीत ठेवून उपयोग नाही, बसल्या जागी हाताला लागले पाहिजे. दिव्यांवर एक चिकटपट्टी लावतात, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, म्हणून दिव्यांचा झोत जरा डावीकडे कललेला असतो. फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालते. तिथे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. चिकटपट्टीने तो वळवायचा.

आता खाण्याचे. अक्काने शिदोरी बांधली, तीत तूप होते, पेढे होते. भाचीने दोन्ही डबे बाहेर काढले. बाहेरून युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. "गाईचं तूप म्हंजी काय दारूगोळा हाय व्हय?" अक्का रागावली. पण यात माझा अनुभव तिच्या विरुद्ध पडतो. २००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा ती आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत बर्लिनजवळ पुन्हा हाच रोग निघाला, आणि तो निघाला म्हशींच्या कळपात. नंतर हंगेरी आणि स्लोव्हाकियातही तो दिसला. तेव्हा एप्रिलपासून इंग्लंडनेही युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना मांस, दूध, चीज आणायला बंदी केली. म्हणजे जाताना तूप नाही, येताना चीज नाही. आपल्याकडे बाजारातून आणलेले जनावर थेट गोठ्यात बांधणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

दाजींनी मात्र मला वेगळ्याच पेचात टाकले. गावाहून निघतानाच त्यांनी रुमालात वावरातली मूठभर माती बांधली होती. थोरल्या आजोबांच्या जागी ती वाहायची होती. मी नको म्हणालो. बाहेरची माती तिकडे नेणे कायद्याने बंद आहे. मातीतून सूत्रकृमी आणि मुळकुजीची बुरशी जाते, हे मीच त्यांना आल्याच्या पिकात वीस वेळा समजावले होते. दाजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग भाचीने नियम काढून पाहिले. फळांवरही बंदी होती, पण पाच फळांना रोग नसल्याच्या दाखल्यातून सूट होती : केळी, अननस, खजूर, ड्युरियन नावाचे एक पूर्वेकडचे फळ, आणि नारळ. "नारळ चालतोय?" दाजींनी दोनदा विचारले. केंटमधल्या दुकानातून एक नारळ घेतला आणि रुमालातली माती गावीच राहिली.

पलीकडे जायला दोन वाटा आहेत. डोव्हर बंदरातून जहाजाने गेलात तर सुमारे दीड तास लागतो. दुसरी वाट समुद्राखालच्या बोगद्याची. हा बोगदा १९९४ साली सुरू झाला. लांबी पन्नास किलोमीटर, त्यातले अडतीस किलोमीटर समुद्रतळाखालून. फोकस्टन गावी मोटार थेट आगगाडीच्या डब्यात चढवतात. हातब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचे, काचा थोड्या खाली करायच्या आणि गाडीतच बसून राहायचे. पस्तीस मिनिटांत फ्रान्स. एल.पी.जी. गॅसवर चालणारी मोटार मात्र बोगद्यात घेत नाहीत. फ्रान्सचे पासपोर्ट तपासनीस इंग्लंडच्या भूमीवरच बसतात, म्हणून पलीकडे उतरल्यावर थांबावे लागत नाही. डब्यातून बाहेर पडलात की सरळ महामार्ग.

आणि तिथेच खरी कसोटी. गाडी उजव्या बाजूने, चाकही उजवीकडे, म्हणजे चालवणारा रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढच्या ट्रकपलीकडचे त्याला काही दिसत नाही. अशा वेळी डाव्या हाताला बसलेल्याने डोळे व्हायचे. ते काम दाजींकडे आले. टोलनाक्याचे यंत्रही डावीकडेच, त्यामुळे चिठ्ठी घेण्याचा मानही त्यांचाच. महामार्गावर ताशी एकशे तीस किलोमीटर, पाऊस असेल तर एकशे दहा, गावात पन्नास. गावाच्या नावाची पाटी दिसली की पन्नास सुरू झाले असे समजायचे. त्याच नावावर तिरपी लाल रेघ मारलेली पाटी आली की गाव संपले. मला ही पद्धत फार आवडली. न वाचता येणाऱ्यालाही समजावी अशी आहे. गावातल्या लहान चौकात दुसरी काही खूण नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. तो लहानशा बोळातून आला तरी त्याचा हक्क पहिला.

कॅलेपासून आत शिरलात की शेतेच शेते. बांध जवळजवळ दिसतच नाहीत. २०२० च्या शेतीगणनेप्रमाणे फ्रान्समधले सरासरी शेत ६९ हेक्टरांचे आहे. गहू निघून गेला होता, बटाटा आणि साखरबीट उभे होते. मध्ये मध्ये जवसाची रिकामी राने होती. आपल्याकडे जवस तेलासाठी, तिकडे धाग्यासाठी. ते कापत नाहीत, मुळासकट उपटून ओळींनी शेतातच पसरतात. दव-पावसाने देठ हळूहळू कुजतो आणि धागा मोकळा होतो. त्याच धाग्याचे लिनन कापड. धाग्याच्या जवसात फ्रान्सचा जगात पहिला नंबर आहे.

एका ठिकाणी बिटाची काढणी सुरू होती. आम्ही कडेला थांबलो. "ही तर आपल्या मुळ्याची थोरली भन दिसतीया," दाजी म्हणाले. मार्चमध्ये पेरतात, सप्टेंबरपासून काढतात. एकरी तीस-चौतीस टन उत्पादन, आणि कंदात साखर शेकडा सोळा ते अठरा. उत्तरेत बहुतेक ठिकाणी हे पीक पावसावरच येते. अठरा महिन्यांच्या आडसालीला पाटाचे पाणी मोजणाऱ्या दाजींनी हे आकडे मला पुन्हा सांगायला लावले. फ्रान्समध्ये हे पीक वाढले ते लढाईपायी. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी समुद्र अडवला, वेस्ट इंडीजची उसाची साखर बंद झाली. तेव्हा नेपोलियनने १८११ साली बिटाच्या लागवडीचा हुकूम काढला. आज तिथलेही मोठे कारखाने सहकारी आहेत, बीट पिकवणारे शेतकरीच त्यांचे सभासद. प्रवरानगरचा कारखाना माहीत असलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. सगळे गोड आहे असेही नाही. २०१८ मध्ये तिथे काही कीटकनाशकांवर बंदी आली, मधमाश्या मरतात म्हणून. २०२० मध्ये मावा माजला, त्याने पिवळा रोग पसरवला आणि उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी पडले.

तिथून पुढे न्यव्ह-शापेल हे लहानसे गाव. कॅलेपासून सव्वा तासाची वाट. गावाबाहेर चौकात भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, १९२७ साली उघडलेले. पंधरा मीटर उंचीचा दगडी स्तंभ, त्यावर कमळ, दोन बाजूंना वाघ, भोवती दगडी जाळीचे गोल आवार. ज्यांची कबर कुठे आहे हे कळलेच नाही, अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे भिंतीवर पलटणवार कोरली आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरात याच गावावर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या शीख पलटणीबरोबर चालून गेल्या होत्या. खंदक खणणारे, पूल बांधणारे हे लोक. त्यांना त्या दिवशी हातात संगीन देऊन पुढे धाडले. त्यांची मोठी हानी झाली.

आम्ही सॅपर्सचा भाग शोधला. थोरल्या आजोबांचे नाव तिथे दोन ठिकाणी निघाले. नाव तेवढे इंग्रजीत कोरलेले, आडनाव नाही, गाव नाही. त्यातले आपले कोणते, हे भिंतीवरून कळेना. दाजी बराच वेळ उभे होते. मग त्यांनी टोपी काढली, एकेका नावावर हात ठेवला आणि नारळ दोन्ही नावांच्या मध्ये भिंतीशी ठेवला. फोडला नाही. अक्काने नमस्कार केला. रस्त्यापलीकडच्या रानात कुणीतरी ट्रॅक्टरने नांगरत होते.

तुमच्या घरातही असे कुणी गेले असेल, तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. मुलांना सांगितलेत तर दहा मिनिटांत होते. मराठी नावे इंग्रजीत वाटेल तशी लिहिली आहेत, म्हणून दोन-चार तऱ्हांनी लिहून पाहावी. काही नोंदींत बापाचे आणि गावाचे नावही सापडते. आमची नोंद गावापर्यंत पोचत नव्हती, म्हणून भाचीने कमिशनला लिहिले आहे.

परतताना इंग्लंडचे तपासनीस फ्रान्सच्या भूमीवर भेटतात. मांस, दूध, चीज काही आहे का, हे विचारून झाल्यावर खिडकीतल्या बाईंनी दाजींना विचारले, फ्रान्सला कशासाठी गेला होता? भाचीने प्रश्न मराठीत सांगितला. दाजी म्हणाले, "सांग त्यांस्नी, भावकीत गेलो हुतो." भाची त्याचे इंग्रजी जुळवत राहिली, तोवर बाईंनी शिक्का मारून पासपोर्ट परत दिला होता.