निवांत जागा

लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही मावळ पायाने मोजला. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची. सुट्टी मिळाली की खडकीहून सकाळची पहिली लोकल धरायची आणि रात्री चिखलाने माखलेल्या बुटांनी परत यायचे. 2024 च्या जानेवारीत छोटी जन्मली आणि मोजमाप बदलले. आता लोणावळा किती किलोमीटर, असे कोणी विचारले तर आम्हाला पटकन सांगता येत नाही. दुधाच्या तीन बाटल्या, चार लंगोट आणि एक जादा झबले, एवढ्या अंतरावर लोणावळा आहे.

सामानाची पिशवी भरायचे काम अम्मीकडे आहे. आम्ही भरलेली पिशवी ती रिकामी करते आणि पुन्हा भरते. ओव्याची पुरचुंडी, सुईदोरा, जुन्या मऊ लुगड्याचे दोन तुकडे, टोपी, दुसरी टोपी. ‘एक हरवली तर?’ हा तिचा सवाल बिनतोड असतो. छोटीला लोकलचे तिकीट लागत नाही, पण जागा सर्वांत जास्त तिलाच लागते. तळेगाव सोडले की शेते दिसू लागतात. वडगाव, कान्हे, कामशेत. डिसेंबरात भात कापून झालेला असतो, खाचरांत बगळे उभे असतात, मधूनच इंद्रायणी दिसते. आम्ही तिला किल्ले दाखवतो, ती म्हशी बघते. तिच्या हिशेबात सगळ्या मावळात म्हशीइतकी बघण्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

तिची पहिली सहल भाज्याची. अकरा महिन्यांची होती. मळवलीला उतरून, द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून, छोटीला ओढणीच्या झोळीत बांधून आम्ही चालत निघालो. अम्मी रिक्षाने पुढे गेली होती. वर चढायला पायऱ्या आहेत. एरवी ज्या पायऱ्या आम्ही बोलत बोलत चढायचो, त्यांवर त्या दिवशी चार ठिकाणी बसलो. लेण्याचे तिकीट काढताना छोटीला सूट मिळाली, कारण पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

भाज्याचे चैत्यगृह दोन हजार वर्षांहून जुने आहे. आतले अष्टकोनी खांब सरळ नाहीत, किंचित आत कललेले आहेत. जुन्या लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब तसे उभे करत. दगडात त्याची गरज नव्हती, पण कारागिरांचा हात त्या वळणाचाच होता. छताला सागाच्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. आम्ही हे सगळे एकमेकांना सांगत होतो. छोटीने मान वर केली, छताकडे बघितले आणि ‘आऽऽ’ असा मोठा आवाज काढला. लेण्याने तो परत दिला. ती दचकली, थांबली, पुन्हा ओरडली. पुन्हा उत्तर आले. मग जवळजवळ दहा मिनिटे तिचा आणि त्या लेण्याचा संवाद चालू होता. शेजारी एक शाळेची सहल होती. गुरुजींनी माहिती सांगायचे थांबवले आणि पोरांना म्हणाले, ‘ऐका, आधी हिचं होऊ द्या.’

उतरताना तिला भूक लागली. लहान मूल घेऊन फिरणाऱ्यांना हा प्रसंग सांगायला नको. आमच्यापैकी जी आई आहे तिला पाजायला जागा हवी होती. पायऱ्यांवर माणसे, खाली गाड्या, सरबताच्या टपऱ्या, फोटो काढणारी मुले. आपल्याकडच्या सहलीच्या ठिकाणी भेळ मिळते, मक्याचे कणीस मिळते, घोडा मिळतो. तान्ह्या बाळाला पाजायला एक आडोसा मात्र मिळत नाही. छोटीने रडून डोंगर डोक्यावर घेतला. तेवढ्यात गावातल्या एका घराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या म्हातारीने हाक मारली, ‘अगं ये की आत. हितं बस आन् पाज निवांत. कोन न्हाई घरात.’ बुरखा, नकाब काही तिच्या लेखी नव्हते. तिला फक्त रडणारे पोर ऐकू आले होते. आत शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताची पोती, खुंटीवर कंदील. तिने चुलीवर अम्मीसाठी चहा टाकला. मग दोघींची बाळंतपणाची बोलणी सुरू झाली. एकीची भाषा मावळी, दुसरीची दखनी. अडले कुठेच नाही. निघताना म्हातारीने छोटीच्या गालाला काजळाचा ठिपका लावला. अम्मीने घरून लावलेला ठिपका दुसऱ्या गालावर होताच.

ही निवांत जागा शोधणे म्हणजेच आमच्यासारख्यांच्या सहलीचे अर्धे काम असते. घरातल्या बायका बरोबर असल्या, त्यांत कोणी बुरख्यात असली, कडेवर पोर असले की पहिला प्रश्न ‘काय बघायचे’ हा नसतो. ‘बसायचे कुठे’ हा असतो. दस्तरखान अंथरता येईल, पोरे सोडता येतील, कोणी टक लावून बघणार नाही, दारूच्या बाटल्या नाचवणारी टोळकी शेजारी नसतील, अशी जागा. मुक्कामाचा विचार आम्ही फारसा करत नाही. एकदा एका बंगल्याच्या व्यवस्थापकाशी फोनवर सगळे ठरले होते, शेवटी नाव सांगितले आणि बंगला अचानक भरलेला निघाला. तेव्हापासून सकाळी जायचे आणि रात्री घरी यायचे, हेच बरे वाटते. पण एका दिवसाच्या सहलीला एक घाई असते. जे बघायचे ते त्याच दिवशी, जे भिजायचे ते त्याच दिवशी.

ही घाई आणि ही निवांत जागेची ओढ, दोन्ही घेऊन माणसे पावसाळ्यात भुशी धरणावर येतात. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून इंग्रजांच्या काळात बांधलेले हे धरण. भरले की पाणी पायऱ्यांवरून खाली येते आणि लोक त्या पायऱ्यांवर बसतात. रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसेच जास्त असतात. छोटीच्या जन्माआधी, 2019 च्या पावसाळ्यात, आम्ही सगळ्या घराला घेऊन गेलो होतो. भाचा तेव्हा दीड वर्षाचा. पायऱ्यांवर धक्काबुक्की चाललेली. आमच्याच घरातले कोणीतरी म्हणाले, मागे डोंगराकडे चला, तिकडे गर्दी नाही, वरून झरे येतात, बायकांनाही मोकळे बसता येईल. सगळ्यांना पटले. पटण्यासारखेच होते. अम्मीने मात्र पाय रोवले. ‘नक्को. पानी का क्या भरोसा?’ ती काही पाण्याची जाणकार नव्हे. तिचा जन्म सोलापूरचा, आयुष्यात पाणी बघितले ते नळाचे आणि टँकरचे. पण तिने भाच्याला उचलले आणि सरळ रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत जाऊन बसली. मग सगळेच तिथे बसलो. कांदाभजी खाल्ली, भाच्याने पन्हळीखाली हात धरून मनसोक्त भिजून घेतले.

30 जून 2024 चा तो रविवार. हडपसरचे एक कुटुंब, लग्नानिमित्त जमलेल्या नातेवाइकांना घेऊन, लोणावळ्याला आले होते. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या धबधब्याच्या प्रवाहात ते उभे होते. पाणी वाढले. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रीकरण दुसऱ्या दिवशी देशभर प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. एक बाई आणि चार मुले गेली. मुले चार वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या बचाव पथकातल्या मुलांनी आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी शोध घेतला, पण सगळे हाती लागायला सोमवार उजाडला.

छोटी तेव्हा पाच महिन्यांची होती. आम्ही ते चित्रीकरण एकदाच पाहिले. पुन्हा पाहवले नाही. पाहवले नाही त्याहून ऐकवले नाही ते लोकांचे बोलणे. कचेरीत, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत. ‘एवढ्या लहान पोरांना न्यायचंच कशाला?’ काही जण आडनाव ऐकून आणखी दोन वाक्ये जोडत, ती इथे लिहीत नाही. आम्ही विचारात पडायचो, की पोरांना न्यायचे नाही तर न्यायचे कोणाला? सहल असते कोणासाठी? घरी पाहुणे आलेले, लग्नाचा आनंद अजून अंगावर, पोरांनी आठवडाभर ‘लोनावला, लोनावला’ करून घर डोक्यावर घेतलेले. डबे भरायचे, गाडी करायची, सगळ्यांनी निघायचे. ज्यांना परदेश नाही, हॉटेल नाही, पोहण्याचा तलाव नाही, त्यांना पाण्यात पाय घालायला हीच जागा आहे. त्या कुटुंबाने ती जागा का निवडली, हे आम्हाला सांगता येणार नाही, आणि आता ते कोणी त्यांना विचारूही नये. आम्ही आमचे सांगतो. आम्ही तिकडे निघालो होतो ते धाडस करायला नव्हे. गर्दीपासून बायका-पोरांना जपायला निघालो होतो. जपणूकच माणसाला गर्दीपासून दूर नेते, आणि जिथे गर्दी नाही तिथे दोरखंड नाही, शिटी वाजवणारा पोलीस नाही, हाकेला धावणारे कोणी नाही.

पाण्याचे गणित अम्मीला कोणी शिकवले नव्हते, ते आम्ही नंतर गडांवर फिरणाऱ्या जुन्या मित्रांकडून नीट समजून घेतले. सह्याद्रीचा माथा उघडा, काळा कातळ. त्यात पाणी मुरत नाही. वर पाऊस पडला की तो सगळा उतारावरून एकाच घळीत येतो. खाली तुमच्या डोक्यावर उघडीप असली तरी वरच्या पावसाचे पाणी काही मिनिटांत पोचते. घोट्याएवढे पाणी गुडघ्याएवढे होते, आणि वाहते पाणी गुडघ्याला लागले की मोठ्या माणसाचाही पाय सुटतो, त्यात खाली शेवाळ. लहान मुलाला तेच पाणी कमरेला लागते. खुणा असतात: पाण्याचा रंग गढूळ होतो, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज जाड होतो. गावातली गुराखी पोरे या खुणा ओळखतात. हडपसर, खडकी, भिवंडी, मालेगावहून आलेल्या माणसाला त्या कोण सांगणार? अपघातानंतर प्रशासनाने बंदीचे आदेश काढले. धोक्याच्या पाट्या लागल्या. पाट्यांवर ‘पाण्यात उतरू नये’ असे असते. पाणी कसे चढते, हे कुठल्याच पाटीवर आम्ही अजून वाचलेले नाही. आमच्या मते ते लिहावे, आणि उर्दूत व हिंदीतही लिहावे.

पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, पुष्कळ जखमी झाले. ती माणसे तर पाण्यात उतरलीही नव्हती. पूल धोकादायक आहे हे आधीपासून ठाऊक होते. त्या दिवशी मात्र ‘पोरांना नेता कशाला’ असे विचारणारे आवाज आम्हाला जरा कमी ऐकू आले.

आम्ही जाणे सोडलेले नाही. पावसाळ्यातले रविवार सोडले. आता थंडीत जातो, किंवा पावसात गेलोच तर मधल्या वारी, आणि पाणी काठावरून, हात धरून बघतो. कार्ल्याच्या पायऱ्या अम्मीच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून आमच्या सहली दिवसेंदिवस स्टेशनाच्या जवळजवळ होत चालल्या आहेत. त्यातून एक शोध लागला. छोटीला सर्वांत आवडते ते लोणावळा स्टेशन. मुंबईकडून घाट चढून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची इंजिने लावतात, ढकलायला. घाटाचा चढच तसा आहे, दर सदतीस फुटांमागे एक फूट. 1863 पासून गाड्या तो चढत आहेत. लोणावळ्याला गाडी थांबली की ही मागची इंजिने सुटतात आणि गाडी हलकी होऊन पुण्याकडे जाते. मग ती इंजिने एकटीच, डब्यांशिवाय, फलाटाजवळून जातात. डबे नसलेली गाडी! छोटीच्या दृष्टीने याहून मोठा चमत्कार नाही.

फलाटावरच्या बाकावर बसून अम्मी चिक्की काढते. दोन वर्षांच्या मुलाला चिक्कीचा तुकडा देता येत नाही, शेंगदाणा घशात अडकतो. म्हणून अम्मी घरूनच चिक्की खलबत्त्यात कुटून, चाळणीने गाळून, तिची भुकटी डबीत घालून आणते. म्हणजे लोणावळ्याची चिक्की खडकीला जाते, कुटली जाते आणि लोणावळ्याला येऊन खाल्ली जाते. आम्ही हसतो. अम्मी लक्ष देत नाही.

परवा सोलापूरहून मामूंचा फोन आला. जुलैत सगळे येणार आहेत, लहानमोठी नऊ पोरे. ‘बच्चों को लोनावला दिखाना है.’ अम्मी फोनवर म्हणाली, ‘दिखाएंगे ना. इंजन दिखाएंगे.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामूंनी विचारले, ‘और पानी?’ अम्मीने छोटीला कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले आणि म्हणाली, ‘वो भी. दूर से.’