खाडीपर्यंतची वाट

डोंबिवली पश्चिमेला राहणाऱ्या कुणालाही स्टेशन, फडके रोड, नेहरू मैदान कुठे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. खाडी कुठे, असं विचारा. हात पश्चिमेकडे वळतो, पण कुठल्या रस्त्याने जायचं ते नेमकं सांगता येत नाही. उल्हास नदी इथे भरती-ओहोटीच्या पाण्याला मिळते आणि डोंबिवलीला वळसा घालून मुंब्रा, कळव्याकडे जाते. गावाच्या दोन बाजूंना पाणी आणि पूर्वेला मलंगगडाची रांग. असा शेजार लाभलेली गावं मुंबईच्या आसपास फार नाहीत. तरी आम्ही ही खाडी पाहतो ती लोकलच्या खिडकीतून. कोपर सुटलं की उजव्या हाताला खारफुटीचा हिरवा पट्टा, त्यामागे चमकणारं पाणी, तेही खिडकीशी जागा मिळालेली असली तरच. दारात लोंबकळणाऱ्याला कुठली खाडी आणि कुठलं काय. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडून जिवानिशी गेली. त्या प्रवासात कुणी निसर्ग पाहत नाही, जीव सांभाळतो.

मी लग्न होऊन इथे आले, इथल्याच शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाले. लेक एडिंबरोत नोकरीला आहे. तिच्याकडे एक अख्खा उन्हाळा राहून आले, तेव्हापासून हा खाडीचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

एडिंबरो शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाचा डोंगर आहे, 251 मीटर उंचीचा. ऑफिस सुटलं की माणसं वर चढून जातात, सूर्य मावळला की खाली येतात. वॉटर ऑफ लीथ ही नदी शहरातून वाहते आणि तिच्या काठाने बंदरापर्यंत चालत जाता येतं. पण मला खरा धक्का बसला तो शहराबाहेर. जावई मला एका शेताच्या फाटकापाशी घेऊन गेला, कडी काढली आणि म्हणाला, "चला आई." मी थबकले. दुसऱ्याच्या शेतात असं शिरायचं? मग त्याने समजावलं. स्कॉटलंडमध्ये 2003 साली जमीन सुधारणा कायदा झाला. त्या कायद्याने बहुतेक सगळ्या जमिनीवर आणि नद्या-तळ्यांवर माणसाला जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. घराच्या अंगणात जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, मेंढ्यांना पिल्लं असताना कुत्रा मोकळा सोडायचा नाही, आणि फाटक जसं होतं तसं पुन्हा लावून घ्यायचं. एवढं पाळलं की डोंगर, कुरण, तळं सगळं पायाखाली. समोरून शेतकरीणबाई आल्या. त्यांनी हात हलवला आणि हवेबद्दल काहीतरी बोलून पुढे गेल्या.

हा हक्क तिथे सहजासहजी आलेला नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी गावंच्या गावं उठवली. माणसं समुद्रकाठी, शहरांत नाहीतर जहाजाने थेट कॅनडात गेली. ती जखम अजून बोलण्यात येते. आजही तिथली जवळपास निम्मी खासगी ग्रामीण जमीन पाचशेहून कमी मालकांच्या ताब्यात आहे. मालकी फार हलली नाही, हे खरं. पण 1999 साली एडिंबरोत स्वतंत्र संसद पुन्हा भरली आणि पहिल्या काही वर्षांतच तिने निदान चालण्याचा प्रश्न निकाली काढला. असंच आणखी एक उदाहरण सेंट अँड्र्यूज गावात पाहिलं. तिथलं ओल्ड कोर्स हे गोल्फचं माहेरघर. तिथे एक फेरी खेळायला जगभरातून माणसं येतात. रविवारी सहसा तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसं मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. मी त्या हिरवळीवर बसून मुलीने आणलेल्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं आणि मनात सारखं येत होतं, आमच्या भागशाळा मैदानावर असा एक दिवस कायमचा लोकांच्या नावाने राखून ठेवता येणार नाही का?

मैदानाचं मनात यायला कारणही होतं. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, इथे मॅटिंगच्या विकेटवर खेळायला शिकला, गर्दीच्या लोकलमधून किट सांभाळत मुंबईला जायला लागला. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या कप्तानीत गाबा जिंकलं तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या मनात तेव्हापासून एकच नाव. पण मुलं संध्याकाळी खेळायला निघतात तेव्हा मैदानावर कधी प्रदर्शनाचा मांडव असतो, कधी महोत्सवाचं स्टेज. उत्सव आम्हालाही हवेत. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने डोंबिवलीतच सुरू केली, पुढे ती महाराष्ट्रभर गेली, आणि फडके रोडवरून ती निघते तेव्हा माझे डोळे भरून येतात. रस्त्यावर एकत्र चालण्याची हौस आमच्या गावाला मुळातच आहे. वर्षातून एक दिवस ती पुरी होते, बाकीच्या दिवसांना चालायला जागा नसते.

परत आल्यावर मी मोठागावच्या रेतीबंदरावर जायला लागले. दिवा-वसई मार्गाचं रेल्वे फाटक लागतं, मालगाडी असली की बराच वेळ थांबावं लागतं. पुढे एका नव्या गृहसंकुलाच्या कुंपणाला वळसा घालून चिखलाच्या पायवाटेने पाण्याशी पोहोचता येतं. एका सकाळी मी भरतीच्या वेळी गेले, तर पायवाटच पाण्याखाली. तिथे पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभे असलेले एक आगरी आजोबा म्हणाले, "बाई, भरतीला काय बघनार? ओहटीला या. तवा खारी बोलते." त्यांच्या सांगण्यावरून मी ओहोटीच्या वेळा बघून जायला लागले.

ओहोटीची खाडी पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसता चिखल दिसतो. थोडा वेळ उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. बोटाएवढे निवटे मासे परांवर टेकून सरपटतात, एकमेकांवर धावून जातात, एकदम उडी मारून बिळात शिरतात. लहान खेकडे आपली एक मोठी नांगी वर-खाली करत उभे असतात, जणू कुणाला तरी हाका मारतायत. खारफुटीची श्वासमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात एक एक पाऊल जपून टाकत चरतात, खंड्या तारेवरून सूर मारतो. आजोबांनी मला चिंबोरीचं बीळ दाखवलं. साधं भोक म्हणून मी ते ओलांडून गेले असते. ते म्हणाले, तोंडाशी चिखल ताजा असला की आत चिंबोरी आहे. त्यांच्या लहानपणी इथून रेतीच्या होड्या भिवंडी, ठाण्याकडे जायच्या, आणि निवटीचं कालवण हा गरिबाच्या घरचा हमखास बेत होता. आता निवट्यांना रॉकेलसारखा वास येतो, म्हणून सून घरात शिजवू देत नाही.

तो वास मलाही आला. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे मुळांत अडकलेले, निर्माल्याच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या. हे सगळं किती महिन्यांपासून तिथे पडलं असेल, आणि कुणी पाहिलं असेल?

डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरव्या रंगाचा पाऊस पडल्याची बातमी झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि त्याचे फोटो राज्यभर फिरले. अधिकारी आले, तपासण्या झाल्या, कारखान्यांना नोटिसा गेल्या. 2016 आणि 2024 या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी माणसं गेली, घरांच्या काचा फुटल्या, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उतरलं. रस्त्यावरचा रंग दिसतो, कारण रस्त्यावर आपले पाय असतात. याच गावाचं आणि याच कारखान्यांचं सांडपाणी शेवटी खाडीला मिळतं. त्या पाण्याचा रंग कोणत्या दिवशी बदलला हे सांगायला काठावर कुणी नसतं. आजोबांसारखे चार-पाच जण असतात, आणि त्यांना विचारायला कुणी येत नाही.

शेजारची उदाहरणं बघा. ठाण्यात मासुंदा तलावाभोवती, ज्याला सगळे तलावपाळी म्हणतात, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कौपिनेश्वराचं दर्शन, एक फेरी, एक कुल्फी. त्यामुळे तलावात मासे मेले की त्याच दिवशी आरडाओरडा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात. 2015 साली तिथे अभयारण्य जाहीर झालं, 2022 साली ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रात खारफुटीतून लाकडी वाट काढली आहे. शाळेच्या सहली तिथे जातात आणि मुलांना श्वासमुळं प्रत्यक्ष दिसतात. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली गणेश घाटावर निदान पाण्याशी पोहोचता येतं. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीत शिवरायांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली, हे मी वर्गात दरवर्षी शिकवलं. नवरात्रात किल्ल्यावर रांगा लागतात तेव्हा वरून ती खाडी सगळ्यांना दिसते. याच पाण्याचा पुढचा फाटा आमच्या डोंबिवलीला वळसा घालतो आणि आमच्या मुलांनी तो हातानं कधी शिवलेला नसतो.

लोकांना खाडी नको आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याने मोठागाव-माणकोली पुलावर संध्याकाळी जावं. पूल झाला ठाणे-नाशिक महामार्गाकडे लवकर जाण्यासाठी. सुरू झाल्याबरोबर डोंबिवलीकर तिथे फिरायला जायला लागले. स्कूटर कडेला लावून नवरा-बायको कठड्याला टेकून उभी, म्हातारी माणसं गाडीतून खाली उतरून वारा खातायत, पोरं मावळतीचे फोटो काढतायत. ते धोक्याचं आहे, भरधाव गाड्या जातात, पोलीस हटकतात ते बरोबरच करतात. पण एवढी माणसं गाड्यांच्या पुलावर जीव धोक्यात घालून उभी राहतात ती कशासाठी, याचाही विचार व्हायला हवा. त्यांना मोकळं पाणी बघायचं आहे, आणि ते बघायला गावात दुसरी धड जागा नाही.

कायदे आहेत. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं. नद्या, किनारे या सार्वजनिक ठेवी आहेत आणि सरकार त्यांचं विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी, 1996 सालीच म्हटलं. हे सगळं खाडी वाचवण्यासाठी लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र वाचवणारी माणसं खाडीपर्यंत पोहोचणार कशी, हे प्रत्येक गावाला आपलं आपण ठरवावं लागेल. रिंग रोडचा काही भाग नदीकाठाने जातो. गाड्यांना काठ मिळतो, तर चालणाऱ्याला त्याच्या शेजारी दोन माणसं जातील एवढी पट्टी का मिळू नये?

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. आधीची मुदत 2020 मध्ये संपल्यापासून नगरसेवकच नव्हते, त्यामुळे सगळ्याच पक्षांचे उमेदवार उत्साहाने घरी आले. पाणी, खड्डे, कचरा हे विषय निघाले. मी म्हटलं, "मला खाडीपर्यंत वाट हवी." एका तरुण उमेदवाराने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "काकू, म्हणजे नेमकं काय करायचं?"

नेमकं काय, ते मी आणि आमच्या चालण्याच्या गटातल्या बायकांनी आता कागदावर मांडलं आहे. रेतीबंदर ते गणेशनगर, खारफुटीच्या एका मुळालाही धक्का न लावता, ऐरोलीसारखी उंचावरची लाकडी वाट. सिमेंट नको, कारंजी नकोत, रंगीत दिवे नकोत, रात्री पक्ष्यांना अंधार हवा. वाटेत दोन ठिकाणी बाकं, म्हाताऱ्यांसाठी. आगरी-कोळी बांधवांच्या होड्या आणि जाळी जिथे लागतात तिथे त्यांचा हक्क पहिला, वाट त्यांना विचारूनच आखायची. शाळांनी वर्षातून एकदा सहावीची मुलं घेऊन यायचं आणि पाण्याचा रंग, वास, दिसलेले पक्षी वहीत लिहून त्या नोंदी महापालिकेला द्यायच्या. अर्जावर मोठागाव, कुंभारखाणपाडा आणि देवीचा पाडा इथल्या रहिवाशांच्या सह्या घेतल्या आहेत. पहिली सही पागवाल्या आजोबांची आहे.

प्रभागातल्या नव्या नगरसेवकांना हे पत्र देताना आम्ही त्यांना बरोबर यायची विनंती केली आहे. पत्राच्या शेवटी पुढच्या रविवारच्या ओहोटीची वेळ लिहिली आहे आणि जुनी चप्पल घालून या, असंही लिहिलं आहे.