तपासलेला पाथ, उघडलेली फाइल

पाथ ही अक्षरांची मालिका असते आणि ती कोणत्या फाइलपाशी नेते हे कर्नल प्रत्येक सिस्टिम कॉलच्या वेळी नव्याने ठरवतो. सी भाषेत पाथ सुरक्षितपणे सोडवण्यातली बहुतेक डोकेदुखी या एकाच वस्तुस्थितीतून उद्भवते. १९८३ च्या ४.२ बीएसडीने सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या पाथचा मजकूर पोटात बाळगणारी फाइल, युनिक्समध्ये आणल्यापासून वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा असलेला कोणीही पुढची वाट क्षणात दुसरीकडे वळवू शकतो.

लिंकेतला मजकूर वाचून देणारे रीडलिंक हे फंक्शन त्या मजकुराच्या शेवटी शून्य बाइट लावत नाही, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. खरा पेच रिअलपाथच्या उत्तरात आहे. हे फंक्शन वाटेतल्या सर्व लिंका सोडवून निखळ पाथ परत करते, प्रोग्रॅम तो पाथ ठरलेल्या डिरेक्टरीतच आहे याची खातरजमा करतो आणि मग ओपन बोलावतो. परंतु या दोन्हींच्या मधल्या अवधीत एखाद्या डिरेक्टरीच्या जागी लिंक बसवली गेली, तर तपासला एक पाथ आणि उघडली भलतीच फाइल, असे घडते. तपासणी आणि वापर यांच्यातील या शर्यतीवर तपासणीच वारंवार करण्याचा तोडगा ड्र्यू डीन आणि अ‍ॅलन हू यांनी २००४ मध्ये मांडला, आणि पुढच्याच वर्षी निकिता बोरिसोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल डिरेक्टऱ्या आणि लिंकांच्या लांबलचक साखळ्या रचून, कर्नलला प्रत्येक तपासणीत रेंगाळायला लावून, तो निकालात काढला.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे पाथची तपासणी सोडून डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या वस्तूवरची कर्नलने दिलेली पकड, धरून चालणे. लिंकेमागे जाण्यास नकार देणारा ओ_नोफॉलो हा ध्वज पाथच्या फक्त शेवटच्या घटकावर पहारा ठेवतो, त्यामुळे ओपनअ‍ॅटच्या साहाय्याने हातातल्या डिस्क्रिप्टरपासून पुढे एकेक घटक स्वतंत्रपणे उघडावा लागतो. लिंक लागली की तिचा मजकूर उरलेल्या पाथच्या पुढे जोडावा लागतो, आणि लिनक्स जसा ४० लिंकांनंतर हात वर करतो तशी मर्यादा स्वतःही मोजावी लागते. एवढे करूनही वरच्या डिरेक्टरीत नेणारा दोन टिंबांचा घटक छळत राहतो, कारण हाती धरलेली डिरेक्टरी दरम्यान कोणी मुळाबाहेर, म्हणजे ठरलेल्या डिरेक्टरीबाहेर, हलवली असेल, तर तिच्यातून वर जाणे म्हणजे कुंपणाबाहेर पडणे होय. प्रस्तुत लेखकाने यासाठी डिस्क्रिप्टरांची चळत ठेवली, वर जाण्याच्या वेळी कर्नलला न विचारता चळतीतला वरचा डिस्क्रिप्टर काढून टाकला, आणि या युक्तीचा अभिमान वर्षानुवर्षे बाळगला.

सी सोडून रस्ट या भाषेकडे वळलेली मंडळी अशा कसरतींकडे कीव करून पाहतात. परंतु डिरेक्टरी आतल्या सर्व फाइलींसह पुसणारे रस्टच्या मानक लायब्ररीतले फंक्शन याच शर्यतीत सापडले होते आणि त्याची दुरुस्ती जानेवारी २०२२ मध्ये करावी लागली. मेमरीची शिस्त भाषेला लावता येते, मात्र फाइलव्यवस्थेतला दोष भाषा बदलल्याने जात नाही. तरीही रस्टच्या या फजितीचा उल्लेख करताना लेखकाला होणारा आनंद निव्वळ तात्त्विक नाही, हेही नोंदवले पाहिजे.

या कामाची रीत बदलली ती २०२० च्या लिनक्स ५.६ मध्ये आलेल्या ओपनअ‍ॅट२ या कॉलमुळे. त्याला रिझॉल्व्ह_बिनीथ हा ध्वज दिला की मुळाबाहेर नेणारा कोणताही पाथ, मग तो लिंकेतून आलेला असो वा दोन टिंबांतून, कर्नल स्वतःच नाकारतो. लेखकाच्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीने हाताने लिहिलेली सगळी चाल काढून तिथे हा एकच कॉल बसवला आणि जुनी चाल का ठेवायची असे विचारले. जुन्या कर्नलवर हा कॉल नसतो, असे उत्तर तिला मिळाले. ते खोटे नव्हते, पण खरे कारण ती चाल स्वतःच्या हातची असणे हे होते.

शिवाय एक युक्तिवाद लेखकाने हातचा राखून ठेवला होता. दोन टिंबे सोडवताना दुसऱ्या कोणी डिरेक्टरीचे नाव बदलले आणि आपण आत आहोत याची हमी कर्नलला देता आली नाही, तर ओपनअ‍ॅट२ ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे कळवून माघार घेतो, पण चळतीला अशी माघार कधीच घ्यावी लागत नाही. त्यावर मुलीचे म्हणणे असे की चळतीला माघार घ्यावी लागत नाही, कारण डिरेक्टरी हलली हे तिला कळतच नाही. आणि या म्हणण्याला लेखकाकडे अद्याप उत्तर नसले, तरी जुनी चाल प्रोग्रॅममध्ये कायम आहे.